उजव्या खुर्चीत कोणी बसेना

आमच्या वैमानिकांच्या युनियनचा हॉल सेबूजवळ लापुलापुमध्ये एका लेचोनवाल्याच्या दुकानावर आहे. खाली डुकरं भाजली जातात आणि वर आम्ही भाजले जातो, असा एक विनोद आमचा खजिनदार पोन्सिंग प्रत्येक मीटिंगला करतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसतो. मी कॅप्टन तेओदुल्फो लाब्रा. बरोबरीचे दुल्फो म्हणतात, धाकटे नोंग दुल्फो म्हणतात. युनियनचा अध्यक्ष. मी काही हे पद मागायला गेलो नव्हतो. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडतो म्हणून माझ्या गळ्यात पडलं. बायको म्हणते, ओरडायचंच आहे तर बाजारात मासे विकायला बस, चार पैसे तरी सुटतील.

त्या हॉलमध्ये मी को-पायलट पोरांचा एक वर्ग घेतो. शिकवायचं एवढंच, की कॅप्टनवर ओरडायचं कसं. हसू नका. विमान उतरताना काही बिनसलं, म्हणजे वेग जास्त झाला, उंची जास्त राहिली, वारा मागून लागला, तर कॉकपिटमधल्या दोघांपैकी कोणीही एकाने ‘गो अराउंड’ म्हणायचं असतं. उतरणं सोडा, वर चला, फेरी मारून पुन्हा या. पांढऱ्या केसांच्या कॅप्टनने म्हटलं काय किंवा काल लागलेल्या पोरीने म्हटलं काय, शब्द तोंडातून निघाला की वाद बंद आणि विमान वर. बरोबर की चूक ते खाली आल्यावर कॉफी पिताना ठरवा. आणि दोनदा म्हणूनही कॅप्टन ढिम्म बसला, तर तो शुद्धीवर नाही असं धरून विमान सरळ आपल्या हातात घ्यायचं. पुस्तकात छापलंय हे. सगळ्या जगात असंच चालतं.

पण आम्ही पडलो विसाया बेटांवरची माणसं! आमच्याकडे वडीलधाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. भुवया उडवून ‘हो’ म्हणतात, मान खाली घालतात आणि मग ते काम करत नाहीत. भीड आम्हाला आईच्या दुधातूनच मिळते. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडतो, डावीकडे मी कॅप्टन म्हणून बसतो, उजवीकडे एकेकाला बसवतो आणि सांगतो, विमान चुकतंय, बोल. तर पोरं काय म्हणतात? “सर, वेग जरा जास्त वाटतोय का, सर?” नाहीतर, “सर, माफ करा हं, गो अराउंड करावं का, सर?” अरे, सर-सर म्हणेपर्यंत विमान नारळाच्या बागेत जाईल ना!

रिझेल तुमुलाक या वर्गातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी. बोहोलची, शाळेतल्या बाईंची मुलगी. आवाज असा, की शेजारी बसूनही कान पुढे करावा लागे. मी म्हटलं, “दाय, पोरी, मी काही तुला गिळणार नाही. ओरड!” ती पुटपुटली. “माझ्या कुत्र्यालासुद्धा ऐकू जाणार नाही, ओरड!” मग तिने डोळे मिटले आणि अशी काही बोंब मारली, की खालून लेचोनवाला हातातली सुरी घेऊनच वर धावत आला. सगळा हॉल हसून लोळला. ती बिचारी कानापर्यंत लाल झाली होती आणि लेचोनवाल्याचीच माफी मागत होती.

आता गिलबद्दल सांगितलं पाहिजे, आणि ते सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते. कॅप्टन व्हर्जिलियो काबाहुग, आमचा चीफ पायलट. म्हणजे कंपनीच्या सगळ्या वैमानिकांवरचा साहेब. तो माझा पारे. माझ्या थोरल्या मुलीचा निनोंग, बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन उभा राहिलेला धर्मपिता. आम्ही एका खोलीत राहून विमान शिकलो, एका ताटात सुकी मासळी आणि भात खाल्ला, आणि ही युनियनसुद्धा आम्ही दोघांनीच पायपीट करून उभी केली. मग कंपनीने त्याला ऑफिस दिलं. थंडगार, खिडकीतून धावपट्टी दिसते असं. तिथे बसल्यावर साहेबांनी पहिला हुकूम काय काढला असेल? जो कॅप्टन गो अराउंड करेल, त्याने ते का केलं याचा लेखी खुलासा द्यायचा. कारण काय, तर फेरी मारली की इंधन जळतं, वेळापत्रक कोलमडतं. मी तडक त्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, “गिल, अरे खुलासा टाळायला उद्या एखादा विमान जमिनीत घालेल.” तो म्हणाला, “पारे, भाषण हॉलमध्ये कर. इथे मला कामं आहेत.”

साहेब झाला तरी हात गंजू नये म्हणून गिल अधूनमधून उडतो. आमची विमानं पंख्यांची, लहान बेटांवरच्या आखूड धावपट्ट्यांवर उतरणारी. एके दिवशी तो कामिगिन बेटावर निघाला होता आणि शेजारी को-पायलट होती रिझेल. कामिगिनला एका अंगाला ज्वालामुखीचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. दुपार कलली की डोंगरावरून वारा उलटा फिरतो, हे तिथल्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

पुढचं मला रिझेलने सांगितलं, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. वारा मागून लागला. विमान उंचावर राहिलं आणि वेग काही केल्या कमी होईना. ती म्हणाली, “गो अराउंड.” नुसतं तेवढंच, सर नाही, माफ करा नाही. गिल काही बोलला नाही. धावपट्टीची सुरुवात खालून मागे गेली तरी चाकं हवेतच. ती पुन्हा म्हणाली, या वेळी जोरात, “गो अराउंड!” गिलने जबडा घट्ट आवळला होता आणि नजर समोर होती. समोर धावपट्टी संपत होती आणि तिच्यापुढे समुद्र. मग रिझेलने इंजिनाची ताकद वाढवणारी मूठ पुढे ढकलली, दांडा धरला आणि म्हणाली, “विमान माझ्या हातात.” विमान वर गेलं. गिलने हात सोडून दिले. फेरी मारून दुसऱ्या खेपेला त्यानेच विमान उतरवलं, अगदी अलगद. उतरताना दारात एका म्हाताऱ्याने तिला विचारलं म्हणे, “ज्वालामुखी दोनदा दाखवलात, तिकीट एकदाचंच ना?”

“आणि गिल काय म्हणाला?” मी विचारलं.

“काहीच नाही, नोंग. सेबूला परत येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, रागावलेत, उद्या शांत होतील.”

उद्या आला तो कंपनीचा आरोप घेऊन. को-पायलट तुमुलाक हिने कसलीही सूचना न देता, घाबरून, चीफ पायलटच्या हातातून विमान हिसकावलं. उतरणं व्यवस्थित चाललं होतं. ती एक शब्दही बोलली नव्हती. खाली सही, व्हर्जिलियो काबाहुग.

कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र असतं, मला माहीत आहे तुम्ही तेच विचारणार. पण त्यात थोड्या वेळाचंच बोलणं राहतं. नवीन आलं की जुनं पुसलं जातं. असं काही घडलं की ते यंत्र लगेच बंद करून जपून ठेवायचं असतं, आणि ते काम कोणाचं? चीफ पायलटच्या ऑफिसचं. त्यांनी विमान संध्याकाळपर्यंत उडवत ठेवलं, आणि ते बोलणं पुसलं गेलं. विमान किती वेगाने, किती उंचावरून आलं याचे आकडे होते, पण कंपनी म्हणे, वारा होता, चालायचंच. आकड्यांवरून कोण काय बोललं ते कळत नाही. उरला फक्त एका नवख्या पोरीचा शब्द, आणि समोर चीफ पायलटचा.

मी गिलला फोन लावला. “तू ऐकलं नाहीस, की ती बोललीच नाही?”

“बोललीच नाही.”

“चर्चमध्ये सांतो निन्योच्या मूर्तीसमोर उभा राहून म्हणशील?”

“यात पडू नकोस, पारे,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रिझेल अजून कायम झाली नव्हती. एकदा ‘विमान हिसकावणारी’ म्हणून काढली की दुसरी कुठलीही कंपनी तिला दारात उभी करणार नव्हती, आणि वर तिला शिकवायला घातलेल्या पैशांच्या बाँडसाठी आमचीच कंपनी तिच्या आईच्या मागे लागली असती. पोरीचं उडणं संपलं होतं. आणि तिचं एकटीचंच नाही. तिच्यामागे जो कोणी उजव्या खुर्चीत बसेल, त्याने यातून काय शिकायचं? समुद्र दिसला तरी मूग गिळून बस, हेच ना?

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीला आमच्या कराराची आठवण झाली. किती वर्षं आम्ही त्यासाठी चपला झिजवत होतो! दोन उड्डाणांच्या मध्ये पुरेशी झोप, हक्काची सुट्टी, नव्या पोरांच्या गळ्यातले बाँड सैल करणं, असं सगळं त्यात होतं. दरवेळी तोंडाला पानं पुसून परत पाठवायचे. आता मिसेस वेलोसोंनी, म्हणजे कर्मचारी विभागाच्या बड्या बाईंनी, मला एकट्याला बोलावलं. समोर गरम सिक्वाते, म्हणजे कोकोचं पेय, आणि पुतो माया, म्हणजे गोड चिकट भात, वर आंब्याच्या फोडी. आंबा दिसला तेव्हाच मला वास आला होता.

“कॅप्टन, सगळं मान्य,” त्या गोड हसून म्हणाल्या. “झोप, सुट्टी, बाँड, सगळं. सोमवारी सह्या करू.”

“आणि?”

“आणि काही नाही. तुमुलाकचं प्रकरण कंपनीचं अंतर्गत आहे. युनियनने त्यात लक्ष घालू नये, एवढीच इच्छा. तशी ती कायम नाही, तुमची सभासदही नाही. तुम्हाला काय पडलंय?”

“हे लिहून द्याल?”

“छे! आपल्या माणसांत कसलं लिहिणं!”

मी हातातला भाताचा घास परत ताटलीत ठेवला. आयुष्यात पुतो माया टाकून उठायची माझी ती पहिलीच वेळ. “कमिटीला विचारतो,” म्हणालो, कारण खरं उत्तर दिलं असतं तर खालच्या पहारेकऱ्याला वर बोलवावं लागलं असतं.

कमिटीची मीटिंग भर दुपारी झाली, खालून लेचोनचा धूर येत होता आणि आज पोन्सिंगने विनोद केला नाही. तो कॅप्टन आहे, चांगला माणूस आहे, आणि त्या काळात त्याचे डोळे खोल गेले होते, कारण ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांनी त्याला पिळून काढला होता.

“दुल्फो,” तो म्हणाला, “एका पोरीसाठी सगळ्यांच्या अन्नात माती कालवू नकोस. परवा मी उडता उडता पेंगलो. खोटं नाही सांगत. शेजारच्याने हलवलं मला. झोप मिळाली तर उद्या अख्खं विमान वाचेल. ही सुरक्षा नाही? का सुरक्षा फक्त तुझ्या वर्गातच असते?”

तो खरं बोलत होता. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली आणि रिझेल उभी राहिली. तिला मीच बोलावलं होतं.

“नोंग, करार घ्या,” ती म्हणाली. “मी बोहोलला जाते. आईच्या शाळेत गणिताला माणूस हवंच आहे.”

“बस खाली!” मी ओरडलो.

“पण नोंग, माझ्यामुळे…”

“बस म्हटलं ना! मोठी आली त्याग करणारी! तुला कोणी विचारलंय?” माझं डोकं फिरलं होतं, आणि राग तिच्यावर नव्हता हे तिलाही कळत होतं. मी पोन्सिंगकडे वळलो. “घे तुझी झोप. भरपूर झोप. ताजातवाना होऊन को-पायलट येतो, डोळे टक्क उघडे, सगळं दिसतंय, विमान चुकतंय ते दिसतंय, समुद्र दिसतोय. आणि तोंड बंद! कारण मागच्या वेळी जिने तोंड उघडलं तिला युनियनने एका बशीभर आंब्याला विकली. काय करायचीय रे ती झोप? जागेपणी मरायला?”

मग करार नाकारायला एकेक हात वर झाला. पोन्सिंगचा सगळ्यात शेवटी. “पिस्ती!” तो म्हणाला. “तुझं तोंड शिवलं पाहिजे, दुल्फो,” आणि हात वर धरूनच डोळे पुसले.

आम्ही नकार कळवला. कंपनीने करार कपाटात टाकला, रिझेलला निलंबित केलं आणि चौकशी नावापुरती उरकून पुढच्या शुक्रवारी निकाल सांगायचं ठरवलं. निकाल काय असणार ते ऑफिसातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. मी संपाची भाषा केली. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, संप कराल तर सरकार दुसऱ्या दिवशी कामावर या म्हणून हुकूम काढेल, तोवर पोरगी घरी गेलेली असेल. मी टेबलावर मूठ आपटली. मूठ दुखली, बाकी काही झालं नाही.

जे झालं, ते माझ्यामुळे झालं नाही. रुस्तिको आबेयानोसा नावाचा एक को-पायलट आहे. मध्यमवयीन, तीन लेकरांचा बाप, मीटिंगमध्ये कायम शेवटच्या ओळीत, आणि तोंड उघडायचं ते फक्त लुंपिया खायला. त्याचं नाव रोस्टरमध्ये गिलबरोबर लागलं. उड्डाणाआधी आम्ही प्रत्येकाने ऑपरेशन्सच्या टेबलाशी जाऊन सांगायचं असतं, की मी उडायला तंदुरुस्त आहे, शरीराने आणि डोक्यानेही. घोकंपट्टीसारखं सगळे म्हणतात आणि पुढे जातात. रुस्तिको तिथे गेला आणि म्हणाला, “मी तंदुरुस्त नाही.”

टेबलावरच्या मुलीने विचारलं, “ताप आहे, सर?”

“नाही.”

“पोट बिघडलंय?”

“पोट उत्तम आहे. कॅप्टन काबाहुगांच्या शेजारी बसलो तर काही चुकतंय हे दिसूनही मला बोलता येणार नाही. कारण मी बोललो, तरी मी बोललोच नव्हतो असं ते खाली येऊन सांगतील. असलं भ्यालेलं डोकं घेऊन उडायला मी लायक नाही. तुमच्या नियमाप्रमाणेच सांगतोय.” मग टोपी मांडीवर ठेवून तो बाकावर बसला. पळून गेला नाही, घरी गेला नाही. विचाराल त्याला हेच उत्तर देत बसला.

राखीव को-पायलटला बोलावलं. तिनेही तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. गिलचं उड्डाण रद्द झालं. दुसऱ्या दिवशीही झालं. फोनवर फोन यायला लागले तेव्हा मी सगळ्यांना एकच बजावलं, “खबरदार कोणी खोटा ताप काढला तर! ताप नसेल तर ताप म्हणायचं नाही. जे खरं आहे तेच बोलायचं. कोणाला खरंच भीती वाटत नसेल तर त्याने खुशाल जाऊन बसावं.” कोणी बसलं नाही. इतर सगळ्या कॅप्टनांबरोबर तीच पोरं हसत खेळत उडत होती, त्यामुळे कंपनीला संप म्हणून बोंब मारता येईना. फक्त एका माणसाशेजारची खुर्ची भरत नव्हती.

गिल हट्टाला पेटला. शुक्रवारी, निकालाच्याच दिवशी, त्याने स्वतःचं नाव कामिगिनच्या उड्डाणाला लावलं, प्रवासी विमानात बसवायला लावले, आणि राखीव कॅप्टनला उजव्या खुर्चीत बसवा म्हणून हुकूम सोडला. लोक आत बसलेले असताना कोण नाही म्हणतो बघू, असा त्याचा हिशेब असणार. त्या दिवशी राखीव कॅप्टन होतो मी.

मी विमानात चढलो. लोक कागदाने वारा घेत होते, एक बाळ रडत होतं. कॉकपिटचं दार उघडं होतं. गिल डाव्या खुर्चीत एकटाच बसला होता, कानावरचे हेडफोन गळ्यात, मांडीवर चेकलिस्ट. मी दारातच थांबलो.

“ये, पारे. बस,” तो मागे न बघता म्हणाला.

“बसत नाही.”

“हा युनियनचा हॉल नाही, दुल्फो. मागे माणसं आहेत.”

“तेच तर मी रोज सांगतोय तुला. मागे माणसं आहेत.”

“तुझं लायसन्स लटकवीन मी.”

“लटकव. भिंतीवर लटकव, तुझ्या ऑफिसात जागा आहे.”

“मी तुझ्या लेकीचा निनोंग आहे.” आता त्याने मान वळवली. दाढी नीट केलेली नव्हती. “एवढा तरी मान ठेव.”

“ठेवला म्हणून दारापर्यंत आलो. नाहीतर जिन्याखालूनच परत गेलो असतो.”

तो पुन्हा समोर वळला. मग, आयुष्यभराच्या सवयीने, चेकलिस्ट वाचायला लागला. आमच्यात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर पुढे जाता येत नाही. त्याने पहिली ओळ वाचली आणि थांबला. मी गप्प. त्याने तीच ओळ पुन्हा वाचली.

“उत्तर दे ना!” तो खेकसला.

“कशाला देऊ? खाली आल्यावर तू म्हणशील, दुल्फो एक शब्दही बोलला नव्हता.”

हे बोललो आणि त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं. हो, वाटलं, कशाला खोटं सांगू? जुना दोस्त होता, पण पोरीचं आयुष्य एका सहीने पुसून तो रोज त्या खिडकीतून विमानं बघत होता. मला त्याची कीव आली नाही. हवाई सुंदरी मागून विचारायला आली, निघतोय का, आणि आमच्याकडे बघून तशीच परत गेली.

गिलने चेकलिस्ट मिटली. “मला वाटलं, विमान बसेल धावपट्टीवर,” तो म्हणाला. “आजवर बसलंय ना. थोडं लांब बसेल, ब्रेक मारू, थांबेल. आणि फेरी मारली असती तर खुलासा मागणारा कोण? मीच. स्वतःलाच लिहू का, की काबाहुग साहेब, माझं चुकलं?” तो हसायला गेला, ते जमलं नाही. “ती ओरडली. तोवर मी… मला वर जायचंच होतं, पारे. पण ती ओरडल्यावर जायचं कसं? एवढीशी पोर.”

“म्हणजे ऐकलंस.”

“ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं.”

एकदा वाटलं, तिथेच त्याची गचांडी धरावी. “मला सांगून काय उपयोग? वर जाऊन सांग.”

“नोकरी जाईल.”

“जाईल.”

“एवढंच? बस?”

“तिची जात होती तेव्हा तू एवढंसुद्धा म्हणाला नाहीस.”

तो उठला. त्या अरुंद जागेत मला अंग चोरून वाट द्यावी लागली, आणि क्षणभर आम्ही दोघं नाकाला नाक लावून उभे होतो. मग तो प्रवाशांमधून खाली उतरला आणि डांबरावरून भर उन्हात ऑफिसकडे चालत गेला. मी मागोमाग. म्हटलं, जिन्यात याचं मन बदललं तर?

मिसेस वेलोसोंच्या खोलीत निकाल सांगायची तयारी झाली होती. रिझेल टेबलासमोरच्या खुर्चीत होती, आमच्या वकीलबाई तिच्याजवळ. दार उघडंच होतं आणि बाहेर ऑपरेशन्सची सगळी माणसं, बाकावर रुस्तिको, आणि कॉफी न्यायला आलेला पोन्सिंग. गिल दारात उभा राहिला आणि म्हणाला, “तिने गो अराउंड म्हटलं होतं. मी ऐकलं होतं आणि केलं नाही. आरोप खोटा आहे, माझा आहे.”

मिसेस वेलोसो उठून उभ्या राहिल्या. दार लावायला एकाला खूण केली. मी दारात पाय घातला. पायावर दार आपटलं, पण बंद झालं नाही.

“कॅप्टन काबाहुग, तुम्ही थकलाय,” त्या हळूच, अगदी मायेने म्हणाल्या. “घरी जा, झोपा. हे तुम्ही बोललाच नाहीत असं आपण समजू या.”

गिलने रिझेलकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. त्याच्या डोळ्यांकडे सरळ बघत राहिली, आणि गिलची नजर आधी खाली गेली. मग त्याने छाती भरून श्वास घेतला.

“बोललो!” तो एवढ्या जोरात ओरडला, की बाहेर टेबलावरच्या मुलीच्या हातातला फोन पडला. “ती दोनदा बोलली होती. घ्या, मीही दोनदा बोलतो. तिने गो अराउंड म्हटलं होतं, आणि मी ऐकलं होतं!”

आता त्या ऑफिसात एकालाही म्हणता येणार नव्हतं, की आपण काही ऐकलं नाही.